जुन्या गाडीची राखण

पंधरा-सोळा वर्षं वापरलेली बोलेरो विकायला काढली की गिऱ्हाईक पाटे बघतं, गंज बघतं, इंजिनाचा धूर बघतं आणि भाव पाडत राहतं. त्यामुळे मालकाचीही समजूत होऊन बसते की या जुनाट गाडीला कोण हात लावणार. चोराचा हिशोब निराळा असतो. त्याला ती गाडी अख्खी विकायचीच असते असं नाही. इंजिन, गिअरबॉक्स, मागचं हाऊसिंग, डिझेल पंप, स्टार्टर, डायनामो, दरवाजे, बॉनेट, चाकं असे भाग सुटे केले तर प्रत्येकाला वेगळं गिऱ्हाईक आहे. इंजिन सोडलं तर यांतल्या बहुतेक भागांवर गाडीची ओळख पटवणारा नंबर नसतो. अख्खी गाडी नाक्यावर अडवता येते. सुटा दरवाजा कुणाच्या गाडीचा, हे कोण सांगणार?

महाराष्ट्रात अशा गाड्यांना तोटा नाही. टाटा ४०७ आली १९८६ साली, सुमो १९९४ साली, बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली. सुमोचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी रस्त्यावरच्या सुमो थांबल्या नाहीत. लासलगावला कांदा नेणारा पिकअप, नारायणगावला टोमॅटो उतरवणारा टेम्पो, सातारा-कोल्हापूरकडची वडापाची प्रवासी जीप या गाड्या रोज राबतात, रोज झिजतात आणि त्यांना सतत भाग लागतात. नवा भाग महाग पडतो किंवा मिळत नाही, म्हणून जुन्या भागांचा बाजार चालतो. त्यातला बराचसा व्यवहार सरळ असतो, पण चोरीचा माल खपतो तोही इथेच. उत्तर प्रदेशात मेरठचं सोतीगंज याच कारणाने देशभर बदनाम झालं. चोरलेल्या गाड्या तिथे बघता बघता सुट्या होत. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. मागणी काही बंद झाली नाही.

चोरीचा दुसरा मार्ग याहून वाईट आहे. अपघातात चक्काचूर झालेली गाडी विमा कंपनीच्या हिशोबी 'टोटल लॉस' ठरते आणि लिलावात निघते. काही जण ती गाडीसाठी नव्हे, तिच्या आरसीसाठी आणि चेसिस नंबरासाठी घेतात. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची, धडधाकट गाडी चोरायची, तिचा नंबर घासून त्यावर मेलेल्या गाडीचा नंबर ठोकायचा, आणि कागद दाखवून ती उजळ माथ्याने विकायची. पोलिसांनी अशा टोळ्या अनेकदा पकडल्या आहेत. या धंद्यात गाडीच्या वयाला महत्त्व नाही, मॉडेल जुळण्याला आहे. बोलेरो आणि स्कॉर्पिओसारख्या गाड्या वर्षानुवर्षं जवळपास त्याच ठेवणीत बनल्या, त्यामुळे जोड सापडायला वेळ लागत नाही.

नव्या गाडीवर संपूर्ण विमा असतो, कर्ज देणाऱ्या बँकेचीही तशी अट असते. जुन्या गाडीचं कर्ज फिटलेलं असतं आणि विमा बहुधा फक्त थर्ड पार्टी. म्हणजे चोरी झाली की मालकाच्या हाती काहीच पडत नाही. ज्याचं घर त्या पिकअपवर चालतं, त्याच्या दृष्टीने ही चोरी दागिन्यांच्या चोरीहून मोठी आहे. त्याचं उद्याचं भाडंही गेलेलं असतं.

जुन्या गाडीत नेमकं काय कमी असतं? बरंच काही, पण सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे इमोबिलायझर. आजच्या गाडीच्या किल्लीच्या मुठीत एक चिमुकली चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. किल्ली लावली की इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते, ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते, आणि तो जुळला तरच इंजिनाचा संगणक डिझेल किंवा पेट्रोल सोडतो. हुबेहूब कापलेली पण चिप नसलेली किल्ली दार उघडेल, इग्निशनही फिरवेल, पण इंजिन चालणार नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली. नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ या काळाचा अभ्यास केला, तेव्हा इमोबिलायझरमुळे मोटारचोऱ्या सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं त्यांना दिसलं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदवलेली आहे आणि आपल्या दृष्टीने तीच मोलाची: नव्या गाड्या अवघड झाल्यावर काही चोरांनी आपला मोर्चा जुन्या गाड्यांकडे वळवला.

उलट बाजूचा दाखला अमेरिकेचा. तिथे ह्युंदाई आणि किआ या कंपन्यांनी २०२१ पर्यंत बऱ्याच मोटारी इमोबिलायझरशिवाय विकल्या. समाजमाध्यमांवर त्या चोरण्याचे व्हिडिओ पसरले आणि २०२१-२२ मध्ये मिलवॉकीपासून सुरू झालेलं लोण शहराशहरांत गेलं. कंपन्यांनी नंतर सॉफ्टवेअर बदलून दिलं, पण त्याच्या जोडीला ग्राहकांना आणखी एक वस्तू फुकट वाटली: स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा. संगणकाच्या जमान्यातल्या मोटारीलाही शेवटी लोखंडच आडवं घालावं लागलं, हे जुन्या गाडीच्या मालकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या जुन्या डिझेल गाड्यांची गोष्ट तर याहून साधी. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पूर्वीच्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात डिझेल पोचलं आणि इंजिन एकदा फिरलं की ते विजेवाचून चालत राहतं. नंतरच्या पंपांवर एक सोलेनॉइड आला. त्याला वीज मिळाली तर डिझेलची वाट उघडते, तुटली तर बंद होते. त्याआधीच्या ट्रकना तर इंजिन बंद करायला डॅशबोर्डखालची दांडी ओढावी लागे, किल्लीचा त्याच्याशी संबंधच नव्हता. अशा गाडीत चोराला अडवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे इग्निशनचं कुलूप, आणि तेही वीस वर्षं झिजलेलं.

म्हणून सुरुवात तिथूनच करावी. जुन्या कुलपातल्या पितळी पट्ट्या झिजतात, किल्लीचे दातही बोथट होतात. चालू गाडीतून किल्ली अलगद बाहेर येत असेल, किंवा शेजाऱ्याची किल्ली तुमच्या दाराला चालत असेल, तर ते कुलूप आता कुलूप राहिलेलं नाही. इग्निशन, दारं आणि डिझेल टाकीचं झाकण यांचा पुरा लॉकसेट मिळतो. गाडीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर कुलपं चांगली असली तरी बदलावीत. आधीच्या मालकाकडे, दलालाकडे, गॅरेजात अशी किल्ली किती हातांतून फिरली याचा हिशोब कुणाकडे नसतो. गाडी विकायची, एक किल्ली जवळ ठेवायची, गाडीत ट्रॅकर दडवायचा आणि काही दिवसांनी तीच गाडी उचलून आणायची, असे प्रकारही आपल्या देशात उघडकीस आले आहेत. घेतलेल्या गाडीच्या डॅशबोर्डखाली एकदा इलेक्ट्रिशियनला नीट पाहायला लावा. ओळख न पटणारी वायर दिसली तर ती कुठे जाते ते शोधा.

त्यानंतर येतं गिअर लॉक. आपल्याकडे हा प्रकार जुना, रुजलेला आणि खरोखर उपयोगी आहे. गाडी रिव्हर्समध्ये टाकून गिअरचा दांडा लोखंडी कडीत अडकवला की इंजिन चालू करूनही गाडी पुढे नेता येत नाही. मात्र लॉक कुठे बसवलंय हे पाहावं. नुसत्या पत्र्याला स्क्रूने पकडलेलं लॉक पहारीच्या एका हिसक्यात निघतं. ते खालच्या जाड ब्रॅकेटला, डोकं तुटणाऱ्या बोल्टने बसवलेलं हवं. बसवताना त्या बोल्टचं डोकं मोडून टाकतात, मग पान्याला पकडायला काही उरत नाही. स्टिअरिंगचा दांडा याला पूरक आहे. स्टिअरिंगचं चाक करवतीने कापता येतं, हे खरं. तरी तो काचेतून लांबून दिसतो आणि त्याचं अर्धं काम दिसण्यानेच होतं. रात्री दोन वाजता ओळीने चार पिकअप उभे असतील तर चोर दांडा नसलेल्याकडे जाईल. गाडी आठवडाभर एकाच जागी उभी राहणार असेल तर चाकाला क्लॅम्प लावावा. गाडी टो करून किंवा नुसती ढकलून नेणाऱ्यापुढे गिअर लॉक आणि स्टिअरिंगचा दांडा अपुरे पडतात, तिथे क्लॅम्पच उपयोगी.

आता चोर स्विच. जुन्या गाडीसाठी इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक दुसरा उपाय मला माहीत नाही. सोलेनॉइड असलेल्या डिझेल गाडीत सोलेनॉइडकडे जाणाऱ्या वायरमध्ये एक छुपा स्विच टाकायचा. स्टार्टर फिरत राहतो, इंजिन धरत नाही. चोराला वाटतं गाडी बिघडलेली आहे, आणि बिघडलेल्या गाडीवर तो फार वेळ घालवत नाही. स्विच स्टार्टरच्या वायरमध्येही टाकता येतो, पण मग गाडी ढकलून चालू करता येते. डिझेलची वाट अडवणं त्याहून पक्कं. दोन्ही केलं तर उत्तमच.

हे काम बसवणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून आहे. वायर त्या प्रवाहाला पुरेशी जाड हवी, फ्यूज हवा, जोड सोल्डर करून नीट गुंडाळलेले हवेत. नुसती पिळून चिकटपट्टी लावलेली वायर खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल होते, आणि मग ऐन घाटात चढणीला इंजिन बंद पडतं. स्विच डॅशबोर्डखाली गुडघ्याजवळ लावू नये, तिथे सगळेच आधी हात घालतात. सीटमागे, कार्पेटखाली, मागच्या हौद्याकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये, किंवा एखाद्या न वापरल्या जाणाऱ्या मूळ बटणातच तो दडवता येतो. जागा मालक, ड्रायव्हर आणि बसवणारा यांनाच माहीत असावी. ड्रायव्हर बदलला की जागाही बदलावी. कॉमन रेल इंजिन असलेल्या गाडीत मात्र इंजिनाच्या संगणकाची वायर मध्येच कापायला कुणालाही देऊ नका. तिथे रिलेच्या कमी प्रवाहाच्या बाजूला स्विच टाकायचा असतो, आणि ते काम त्या गाडीचं वायरिंग ओळखणाऱ्यानेच करावं. तुमच्या गाडीत कारखान्यातूनच इमोबिलायझर आहे का, हेही आधी विचारून घ्या. काही स्कॉर्पिओंमध्ये तो असतो आणि मालकाला पत्ताही नसतो.

यांत्रिक पंपाच्या जुन्या ट्रकला विजेचा स्विच पुरत नाही. त्याला डिझेलच्या पाइपवरचा कॉक बरा. कॉक बंद असताना इंजिन चालू केलं तर फिल्टरमधल्या उरल्यासुरल्या डिझेलवर ते थोडं चालतं आणि बंद पडतं. मग लाइनमध्ये हवा शिरते. ती हँडपंप मारून, नट सैल करून काढल्याशिवाय इंजिन पुन्हा सुरू होत नाही. भर रस्त्यात ट्रक आडवा करून हवा काढत बसायला चोराजवळ सवड नसते. सकाळी कॉक उघडायला विसरलं तर हाच मनस्ताप मालकाच्या वाट्याला येतो, म्हणून त्याची खूण किल्लीच्या जुडग्यालाच बांधून ठेवणारे ड्रायव्हर शहाणे.

बॅटरीचा मुख्य कटऑफ हा आणखी एक अडसर आहे. अनेक ट्रकना तो कारखान्यातूनच असतो, जीपला बसवता येतो. तो स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह झेलणारा हवा. इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नये, डायनामोतले डायोड जळतात. इथे एक मेख आहे. ट्रॅकर कटऑफच्या पुढे जोडला असेल तर कटऑफ बंद करताच ट्रॅकरही आंधळा होतो. त्याला बॅटरीकडून वेगळी, फ्यूज लावलेली वायर द्यावी लागते.

ट्रॅकरबद्दल लोकांच्या अपेक्षा फार वाढल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर. जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, झाल्यावर गाडी कुठे आहे ते सांगतो. तो उपग्रहांकडून स्वतःचा ठावठिकाणा काढतो आणि सिमकार्डाच्या मार्फत तुमच्या फोनवर पाठवतो. यातला कोणताही दुवा तुटला की माहिती थांबते. सराईत टोळ्या सिग्नल अडवणारे जॅमर वापरतात. पण माझ्या पाहण्यात तरी ट्रॅकर निकामी होण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण जॅमर नसून संपलेला रिचार्ज हे आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी हौसेने बसवलेलं यंत्र गाडीत असतं आणि सिम केव्हाच बंद झालेलं असतं. महिन्यातून एकदा फोनवर गाडी दिसते का ते पाहण्याचा नेम ठेवा. यंत्र जाड पत्र्याच्या पेटीत बसवू नका, वर प्लॅस्टिक असेल अशा जागी बसवा. परवडत असेल तर वायरीने जोडलेल्या ट्रॅकरच्या जोडीला स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, दिवसातून एक-दोनदाच जागा होऊन ठिकाण कळवणारा दुसरा ट्रॅकर भलत्याच जागी दडवा. पहिला सापडला की चोर शोध थांबवतो, दुसरा शाबूत राहतो. किल्लीला लावायचे ब्लूटूथ टॅग लोक गाडीत टाकतात. तेही चालतात, पण जवळपासच्या अनोळखी फोनना 'तुमच्याबरोबर एक टॅग फिरतो आहे' असा इशारा देण्याची सोय त्यांत असते. तो इशारा चोरालाही मिळतो.

अनेक ट्रॅकरमध्ये फोनवरून इंजिन बंद करण्याची सोय असते. तिच्याबद्दल कळकळीने सांगतो: धावत्या गाडीवर ती वापरू नका. बऱ्याच डिझेल जीपमध्ये ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनावर चालणाऱ्या पंपातून येतो. इंजिन बंद पडलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कठीण होतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं. ट्रकमध्ये हवेचा काँप्रेसर थांबतो. ती गाडी चोराच्या हाती असली तरी समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाचा त्यात काय दोष? गाडी थांबल्यानंतर पुन्हा सुरू होऊ नये, एवढंच काम त्या सोयीला लावून घ्यावं.

आतापर्यंतचं सगळं गाडी जाऊ नये म्हणून. ती गेलीच तर ओळख पटावी म्हणून करायचं काम त्याहून स्वस्त आहे आणि ते जवळपास कुणीच करत नाही. या गाड्यांत खाली शिडीसारखी लोखंडी चेसिस असते आणि वर बोल्टने बसवलेली बॉडी. एकाची बॉडी दुसऱ्याच्या चेसिसवर चढवणं त्यामुळे सोपं. चेसिसवर ठोकलेला नंबर १७ अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, म्हणजे एक आणि शून्याशी गल्लत होत नाही. महिंद्राचा नंबर एमए१ ने सुरू होतो, टाटांचा एमएटी ने. आरटीओच्या कामांसाठी या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतात, तो तुम्ही पाहिला असेल. तसा स्वच्छ छाप आणि जवळून काढलेला फोटो घरी जपून ठेवा. प्रत्येक ठोकलेल्या नंबरात काही बारीक खोडी असतात: एखादा आकडा जरा तिरका, एखादा खोल, दोन आकड्यांत अंतर जास्त. पुढे संशयित गाडी सापडली आणि नंबर बदललेला निघाला तर हा छाप तपासाला मोठा आधार देतो.

नंबर घासून टाकला तरी तो पुरता जात नाही, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं. ठसा मारताना लोखंडाचा नुसता वरचा थर खचत नाही. खालचा धातूही दाबला जातो आणि त्याची घडण बदलते. कानशीने वरचा आकडा नाहीसा केला तरी दाबलेला धातू खाली उरतो. न्यायसहायक प्रयोगशाळेत ती जागा गुळगुळीत करून तिच्यावर आम्लाचं द्रावण फिरवतात. दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या गतीने झिजतो, आणि पुसलेला आकडा हळूहळू पुन्हा उमटतो. आपल्याकडे मुंबईत कलिन्याला या प्रयोगशाळेचं मुख्यालय आहे. फार खोल घासलं किंवा तो तुकडाच कापून दुसरा वेल्ड केला तर मूळ नंबर मिळत नाही, पण वेल्डचा सांधा फेरफाराची साक्ष देतो.

सुट्या होणाऱ्या भागांसाठी मात्र आपणच काही करायला हवं. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात चेसिस नंबर कोरून घेता येतो. असा नंबर घालवायचा तर प्रत्येक काच बदलावी लागते. दरवाजांच्या आतल्या बाजूला, बॉनेटखाली, गिअरबॉक्सवर, हौद्याच्या फळक्याला पंचने आपली खूण ठोकून घ्या. मूळ चेसिस आणि इंजिन नंबराच्या जागेला मात्र अजिबात हात लावू नका, तिथला फेरफार गुन्हा ठरतो. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणं सक्तीचं झालं आहे. अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदाच बसणारी, काढताना तुटणारी कडी यांमुळे प्लेट बदलून पळणं अवघड होतं. लोक तिला दंड टाळण्यापुरती किंमत देतात, पण ती मालकाच्या फायद्याची गोष्ट आहे.

उभं कुठे करायचं, याबद्दल थोडक्यात. उजेडात, भिंतीला नाक लावून, दोन गाड्यांच्या मध्ये. ट्रक ढाब्यावर थांबला तर जेवणाच्या टेबलावरून दिसेल असा. आणि किल्ली खिशात. 'आलोच दोन मिनिटांत' म्हणून किल्ली गाडीत ठेवून उतरण्याची सवय मालवाहतुकीत सर्रास आहे. जयपूरमध्ये एक ट्रक असाच गेला. ड्रायव्हर पत्ता शोधायला खाली उतरला होता आणि किल्ली इग्निशनला होती. विमा कंपनीने निष्काळजीपणा म्हणून दावा नाकारला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश दिला. इतकी वर्षं लढूनही पाव रक्कम गेलीच.

विम्याचा कागद आज काढून पाहा. त्यावर फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीचा एक पैसाही मिळणार नाही, त्यासाठी 'ओन डॅमेज'चा भाग लागतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा किंमत तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. हप्ता वाचवायला ती फार खाली आणू नका, चोरी झाल्यावर तीच हातात येते. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय संस्थेने मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तर हप्त्यात थोडी सवलतही आहे. दोन्ही मूळ किल्ल्या जपा. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मागते, आणि एक नसेल तर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते.

गाडी जागेवर नाही असं दिसलं तर आधी ती वाहतूक पोलिसांनी किंवा वित्त कंपनीने उचललेली नाही ना, हे विचारून घ्या. नसेल तर लगेच ११२ ला फोन करा, ट्रॅकरवरचं ठिकाण पोलिसांना द्या, स्वतः एकटे मागे धावू नका. फास्टॅगचे मेसेज पाहत राहा. चोराने स्टिकर खरवडला नसेल तर टोलनाक्याचं नाव आणि वेळ फोनवर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही माहिती देता येते, मग तीन दिवसांत सही करावी लागते. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफआयआरवर वेळ नीट लिहिली आहे ना, हे पाहा. त्या गाडीने पुढे अपघात केला किंवा ती दुसऱ्या गुन्ह्यात वापरली गेली तर हीच वेळ तुम्हाला वाचवते.

विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. उशीर झालाच असेल तर हताश होऊ नका. २०१० साली चोरीला गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या मालकाने एफआयआर त्याच दिवशी केला होता, पण कंपनीला कळवलं ५२ दिवसांनी. पोलिसांत वेळेवर तक्रार केलेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तपासात गाडी सापडली नाही तर पोलीस 'अ समरी' दाखल करतात, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही. तो कागद हाती आल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही, म्हणून पोलीस ठाण्यात पाठपुरावा करत राहावं लागतं.

राहिली एक गोष्ट, आणि ती आपल्या गाडीपेक्षा दुसऱ्याच्या गाडीसाठी आहे. जुनी गाडी खरोखर संपते, तेव्हा बरेच मालक ती आरसीसकट भंगारवाल्याला देऊन मोकळे होतात. चोरांना हवा असलेला जिवंत नंबर त्यांना असाच मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्यावर १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं असतं, आणि नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली तर तसं प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत चेसिस नंबराचा तुकडा आणि आरसी भंगारवाल्याच्या ताब्यात देऊ नका.